प्रेरक मार्गांचे उद्दीपन परीक्षण

प्रेरक मार्गांचे उद्दीपन परीक्षण : हालचालीचा आदेश मेंदूपासून स्नायूपर्यंत वाहून नेणाऱ्या तंत्रिकांच्या (मज्जातंतूंच्या) साखळीस प्रेरक मार्ग म्हणतात. या मार्गावरील एखाद्या ठिकाणी बाहेरून विद्युत् किंवा चुंबकीय उद्दीपन देऊन स्नायूत उमटणाऱ्या प्रतिसादाचा काल, आकार व स्वरूप यांचे मापन करण्याच्या पद्धतीला उद्दीपन परीक्षण असे म्हणतात. तंत्रिका तंत्राच्या अनेक रोगांत मार्गाचा नेमका कोणता भाग बिघडला आहे, बिघाड कितपत आहे आणि तो भरून येण्याजोगा आहे किंवा नाही, हे ठरविण्यास या परीक्षणाचा उपयोग होतो.

हाताची पकड सैल होणे, पाऊल ओढत चालावे लागणे किंवा अंग लुळे पडणे ही तक्रार रोगी एकाच शब्दांत सांगतो. परंतु तिचे मूळ मेंदूत, मेरुरज्जूत, हातापायांतील तंत्रिकेत, तंत्रिका व स्नायू यांच्या सांध्यात किंवा प्रत्यक्ष स्नायूत असू शकते. प्रत्येक ठिकाणच्या बिघाडाचे कारण वेगळे, उपचार वेगळा आणि उपचारासाठी हाती असलेला वेळही वेगळा असतो. महाराष्ट्राच्या वायव्य टोकास असलेल्या नंदुरबार जिल्ह्याचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सु. १६·४८ लक्ष असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सु. ६९ टक्के होते. भिल्ल, पावरा इ. जमातींची वस्ती असलेल्या या जिल्ह्यात प्रेरक मार्गाच्या जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर आघात करणारी कारणे आढळतात : मेंदूवर दात्रकोशिका (सिकल सेल) रोगाचा, परिसरीय तंत्रिकांवर कुष्ठरोगाचा आणि तंत्रिका-स्नायू सांध्यावर सर्पविषाचा.

मार्गाची रचना : ऐच्छिक हालचालीचा आदेश प्रमस्तिष्काच्या बाह्यकातील प्रेरक क्षेत्रात निघतो. हे क्षेत्र मेंदूच्या मधोमध आडव्या जाणाऱ्या खाचेच्या पुढील कडेस असते. त्यात शरीराच्या निरनिराळ्या भागांना ठराविक जागा नेमून दिलेली असते. पायाची जागा दोन्ही अर्धगोलांच्या मधल्या भेगेत, हाताची तिच्या बाहेरील बाजूस आणि चेहऱ्याची सर्वांत खाली असते. हात व चेहरा यांच्या वाट्यास त्यांच्या आकारमानाच्या मानाने पुष्कळच मोठे क्षेत्र येते, कारण त्यांच्या हालचाली अधिक नाजूक असतात. या क्षेत्रातील तंत्रिका कोशिकांचे लांब तंतू मस्तिष्क स्तंभातून खाली उतरतात. लंबमज्जेच्या तळाशी त्यांतील बहुसंख्य तंतू विरुद्ध बाजूस जातात. म्हणूनच मेंदूच्या उजव्या बाजूस इजा झाल्यास शरीराची डावी बाजू लुळी पडते. मेरुरज्जूच्या अग्रशृंगातील कोशिकांपाशी हे तंतू येऊन पोहोचतात. येथपर्यंतच्या भागास ऊर्ध्व प्रेरक मार्ग म्हणतात.

अग्रशृंगातील कोशिकेपासून अधर प्रेरक मार्ग सुरू होतो. तिचा तंतू मेरुरज्जूच्या बाहेर पडून परिसरीय तंत्रिकेतून स्नायूपर्यंत जातो. पावलाच्या स्नायूला जाणाऱ्या तंतूची लांबी प्रौढ व्यक्तीत सु. एक मीटर असते. तंतूभोवती मायेलिन या वसामय पदार्थाचे वेष्टन असून त्यात थोड्याथोड्या अंतरावर खंड असतात. तंत्रिका आवेग एका खंडापासून दुसऱ्या खंडापर्यंत जणू उड्या मारीत जातो व त्यामुळे त्याचा वेग वाढतो. तंतूच्या अखेरीस ॲसिटिलकोलीन हे रसायन स्रवते आणि त्याच्या योगे स्नायू आकुंचन पावतो.

ऊर्ध्व मार्ग बिघडल्यास अंग ताठर होते व गुडघ्यावरील प्रतिक्षेपी क्रिया तीव्र होतात. अधर मार्ग बिघडल्यास अंग सैल पडते, स्नायू झिजतात व प्रतिक्षेपी क्रिया मंद होतात किंवा नाहीशा होतात. अनुभवी वैद्य या लक्षणांवरून रोगाच्या ठिकाणाचा अंदाज बांधतो. मात्र रोगाच्या आरंभी, किंवा एकाच रोग्यात दोन्ही मार्ग बिघडलेले असताना, लक्षणे अपुरी पडतात. तेथे उद्दीपन परीक्षणाचे महत्त्व विशेष असते.

इतिहास : लूईजी गॅल्व्हानी यांनी बेडकाच्या पायावरील आपले प्रयोग १७९१ मध्ये प्रसिद्ध केले आणि विजेने स्नायू आखडतो हे जगापुढे आले. तंत्रिकेतील आवेग इतका जलद असावा की, त्याचे मापन अशक्य आहे, अशी त्या काळी समजूत होती. हेर्मान फोन हेल्महोल्ट्‌स यांनी १८५० मध्ये बेडकाच्या तंत्रिकेचे दोन निरनिराळ्या ठिकाणी उद्दीपन केले व स्नायू आखडण्याच्या वेळांतील फरकावरून हा वेग सेकंदास तीस मीटरांच्या आसपास असल्याचे दाखविले. दोन ठिकाणांमधील अंतरास वेळांतील फरकाने भागावयाचे, हेच तत्त्व आजच्या परीक्षणातही वापरतात.

मेंदूच्या बाबतीत पहिले निर्णायक प्रयोग गुस्टाफ फ्रिच व एडुआर्ट हिट्‌सिख यांनी १८७० मध्ये कुत्र्यावर केले. बाह्यकाच्या ठराविक जागी सौम्य विद्युत् प्रवाह दिला असता विरुद्ध बाजूचे ठराविक स्नायू हलतात, असे त्यांना आढळले. कॅनडातील शल्यचिकित्सक वाइल्डर पेनफील्ड यांनी एडविन बोल्ड्री यांच्यासह १९३७ मध्ये मानवी बाह्यकाचा नकाशा प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेच्या वेळी जागृत असलेल्या रोग्यांच्या उघड्या मेंदूचे उद्दीपन करून तो तयार करण्यात आला होता. परिसरीय तंत्रिकांच्या वेगमापनाचा रोगनिदानासाठी पद्धतशीर उपयोग १९४८ च्या सुमारास रॉबर्ट होड्‌स व त्यांचे सहकारी यांच्या कार्यापासून सुरू झाला.

कवटी न उघडता मेंदूचे उद्दीपन करणे मात्र दीर्घकाळ साधले नव्हते. पॅट्रिक मर्टन व एच. बी. मॉर्टन यांनी १९८० मध्ये डोक्याच्या त्वचेवरून उच्च दाबाचा अतिशय अल्पकालीन विद्युत् झटका देऊन हाताचे स्नायू हलवून दाखविले. ही पद्धत वेदनादायक होती. इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर व त्यांचे सहकारी यांनी १९८५ मध्ये चुंबकीय उद्दीपनाची पद्धत पुढे आणली. तीत वेदना जवळजवळ होत नसल्यामुळे जागृत रोग्याच्या ऊर्ध्व मार्गाचे परीक्षण व्यवहारात शक्य झाले.

तंत्रिकेचे उद्दीपन : तंत्रिका जेथे त्वचेच्या जवळून जाते तेथे दोन विद्युत् अग्रे टेकवून ०·१ ते ०·२ मिलिसेकंद (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग) टिकणारा विद्युत् झटका देतात. तिच्या ताब्यातील स्नायूवर चिकटविलेल्या अग्रांद्वारे प्रतिसाद टिपला जातो. तंत्रिकेतील सर्व तंतू उद्दीपित व्हावेत म्हणून प्रतिसादाची वाढ थांबेपर्यंत झटक्याची तीव्रता वाढवितात. रोग्याला क्षणिक झिणझिणी जाणवते. इजा होत नाही.

प्रतिसादातून तीन गोष्टी कळतात. पहिली, झटका व प्रतिसाद यांमधील काल. दुसरी, प्रतिसादाचा परमप्रसर म्हणजे उंची; तीवरून कार्यक्षम तंतूंच्या संख्येची कल्पना येते. तिसरी, दोन ठिकाणी उद्दीपन करून काढलेला वेग. निरोगी प्रौढाच्या हातात हा वेग सामान्यतः सेकंदास ५० ते ६५ मीटर आणि पायात ४० ते ५५ मीटर असतो. मायेलिन वेष्टन खराब झाल्यास वेग मंदावतो किंवा आवेग वाटेत अडतो. तंतूच नष्ट झाल्यास वेग फारसा न घटता प्रतिसादाची उंची कमी होते. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण वेष्टन काही आठवड्यांत पुन्हा तयार होऊ शकते, तर तंतूची वाढ दिवसास सु. एक मिलिमीटर इतक्या मंद गतीने होते.

उद्दीपित तंत्रिकेत आवेग दोन्ही दिशांना धावतो. मेरुरज्जूकडे गेलेल्या आवेगामुळे अग्रशृंगातील काही कोशिका पुन्हा उद्दीपित होतात व उलट आलेला आवेग स्नायूत लहानसा दुसरा प्रतिसाद निर्माण करतो. त्यास एफ तरंग म्हणतात. तंत्रिकेच्या मुळाजवळचा जो भाग बाहेरून सहज हाती लागत नाही, त्याची परीक्षा एफ तरंगामुळे होते. सेकंदास दोन-तीन या गतीने ओळीने झटके दिल्यास निरोगी स्नायूचे प्रतिसाद एकसारखे येतात. तंत्रिका-स्नायू सांधा दुर्बल असल्यास ते उत्तरोत्तर लहान होत जातात.

मेंदूचे उद्दीपन : धारित्रात साठविलेली वीज तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यातून एकदम सोडली असता क्षणभर १ ते २ टेस्ला तीव्रतेचे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. हे क्षेत्र त्वचा व कवटी यांतून विनासायास पलीकडे जाते आणि मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये शोधलेल्या प्रवर्तनाच्या तत्त्वानुसार बाह्यकात सूक्ष्म विद्युत् प्रवाह उत्पन्न करते. वेटोळे हाताच्या प्रेरक क्षेत्रावर धरले, तर विरुद्ध हाताची बोटे रोग्याने न हलविता हलतात. रोग्याला टिचकीसारखा आवाज ऐकू येतो व डोक्यावर हलका ठोका बसल्यासारखे वाटते.

मेंदूपासून हाताच्या लहान स्नायूपर्यंत प्रतिसाद पोहोचण्यास सु. २० मिलिसेकंद लागतात. यांतील किती काल मेंदू व मेरुरज्जू यांत आणि किती परिसरीय तंत्रिकेत गेला, हे वेगळे काढावे लागते. समजा, मेंदूच्या उद्दीपनानंतर प्रतिसाद २०·५ मिलिसेकंदांनी आला. मनगटाशी उद्दीपन केल्यावर स्नायूचा थेट प्रतिसाद ३·५ व एफ तरंग २६·५ मिलिसेकंदांनी आला. शेवटच्या दोन संख्यांची बेरीज ३०. आवेग अग्रशृंगातील कोशिकेत उलटताना लागणारा १ मिलिसेकंद वजा करता २९ आणि त्याची निमपट १४·५. हा मेरुरज्जूपासून स्नायूपर्यंतचा काल झाला. एकूण २०·५ मधून तो वजा केला असता ६ मिलिसेकंद उरतात. यास केंद्रीय प्रेरक संवहन काल म्हणतात. हाताच्या बाबतीत तो सामान्यतः ६ ते ८ मिलिसेकंद असून पायाच्या बाबतीत सु. दुप्पट असतो. संवहन कालाखेरीज प्रतिसाद मिळण्यास लागणारी किमान तीव्रता, प्रतिसादाची उंची आणि आकुंचित स्नायूत उद्दीपनानंतर काही काळ पसरणारी विद्युत् शांतता यांचेही मापन करतात. थोड्या अंतराने दोन उद्दीपने देऊन बाह्यकातील निरोधक मंडलांची परीक्षा करण्याची पद्धत १९९३ नंतर रूढ झाली.

परिसरीय तंत्रिका व कुष्ठरोग : नंदुरबार जिल्ह्याची गणना महाराष्ट्रातील कुष्ठरोगाचे प्रमाण अधिक असलेल्या जिल्ह्यांत होते. या रोगाचे दंडाणू गेऱ्हार्ड हान्सेन यांना १८७३ मध्ये आढळले. शरीराच्या तुलनेने थंड भागांत ते अधिक वाढतात. त्यामुळे त्वचेलगत असलेल्या तंत्रिकाच प्रामुख्याने बळी पडतात. कोपराच्या आतील बाजूची अल्नर तंत्रिका, मनगटाजवळची मध्य तंत्रिका, गुडघ्याच्या बाहेरील बाजूस हाडाला वळसा घालणारी तंत्रिका, घोट्यामागची तंत्रिका आणि चेहऱ्याची तंत्रिका या त्यांतील प्रमुख होत. करंगळी व अनामिका वाकडी होणे, पाऊल लोंबणे, डोळा न मिटणे ही रोगाची परिचित चिन्हे या तंत्रिकांच्या नाशामुळे उद्‌भवतात. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात व जे. जे. रुग्णालयात दारब दस्तूर आणि नोशीर अंतिया यांनी १९६० नंतरच्या दोन दशकांत कुष्ठरोगातील तंत्रिकांच्या सूक्ष्मरचनेचा मोलाचा अभ्यास केला.

तंत्रिकेतील बिघाड पुष्कळदा निमूटपणे वाढतो. वेदना नसते, चट्टा नवा नसतो आणि रोग्याला काही जाणवण्यापूर्वीच बरेच तंतू निकामी झालेले असतात. उद्दीपन परीक्षणात मात्र तो दिसतो. उदा., अल्नर तंत्रिकेचे मनगट, कोपराखाली व कोपरावर असे तीन ठिकाणी उद्दीपन करतात. कोपराखालून मनगटापर्यंतचे २२ सेंमी. अंतर आवेगाने ४ मिलिसेकंदांत कापले, तर वेग सेकंदास ५५ मीटर म्हणजे प्राकृत होय. परंतु कोपराभोवतीच्या १० सेंमी.लाही ४ मिलिसेकंद लागले, तर तेथील वेग केवळ २५ मीटर भरतो. एकाच तंत्रिकेचा खालचा भाग निरोगी आणि कोपराजवळचा तुकडा आजारी आहे, हे येथे आकड्यांत दिसते. संवेदी तंतूंवरील परिणाम तर प्रेरक तंतूंच्याही आधी आढळतो. उत्तर प्रदेशात ३०३ नव्या रोग्यांवर करण्यात आलेल्या इन्फिर पाहणीत नायलॉनच्या तंतूने स्पर्शज्ञान तपासण्याच्या नेहमीच्या पद्धतीपेक्षा संवेदी संवहनातील दोष काही आठवडे आधी दिसून येतात, असे आढळले.

हे काही आठवडे निर्णायक ठरतात. १९८२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने पुरस्कारिलेल्या बहुविध औषधोपचाराने दंडाणू मरतात, पण मेलेली तंत्रिका त्यामुळे जिवंत होत नाही. तंत्रिकादाह झाल्यास प्रेडनिसोलोन हे औषध द्यावे लागते आणि बिघाड सहा महिन्यांच्या आतील असल्यासच त्याचा चांगला उपयोग होतो. नंदुरबार जिल्ह्यातील अनेक कुटुंबे पावसाळ्यानंतर ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तंत्रिकेला मिळणारी मुदत आणि ऊसतोडीचा हंगाम जवळजवळ सारख्याच लांबीचे आहेत. जाताना कोयत्यावरील पकड किंचित सैल झालेला मजूर परत येईपर्यंत उपचाराची वेळ निघून गेलेली असू शकते. भारतात कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांत एकापेक्षा कमी झाल्याचे डिसेंबर २००५ मध्ये जाहीर झाले. परंतु ही संपूर्ण देशाची सरासरी होती. नवे रोगी त्यानंतरही आढळत आले आहेत.

मेंदू व दात्रकोशिका रोग : महाराष्ट्रातील काही आदिवासी जमातींत दात्रकोशिकेच्या वाहकांचे प्रमाण २० ते ३५ टक्क्यांपर्यंत आढळले असून त्यांत भिल्ल व पावरा या जमाती येतात. वाहकास सहसा त्रास होत नाही. माता व पिता दोघांकडूनही सदोष जनुक मिळालेल्या अपत्यास मात्र रोग होतो. त्याच्या तांबड्या कोशिका ऑक्सिजन कमी पडताच विळ्याच्या आकाराच्या बनतात व रक्तवाहिन्या तुंबवितात. मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीत असे घडल्यास लहान वयातही अर्धांगवात होतो. भारतातील रोग्यांत गर्भावस्थेतील हीमोग्लोबिन अधिक प्रमाणात टिकून राहत असल्यामुळे रोगाचे स्वरूप आफ्रिकी वंशाच्या रोग्यांपेक्षा सामान्यतः सौम्य असते. तथापि धोका नाहीसा होत नाही.

अशा रोग्याच्या हाताच्या तंत्रिकांचा वेग प्राकृत असतो, कारण बिघाड त्यांच्या बराच वर असतो. मेंदूचे चुंबकीय उद्दीपन केल्यास दुर्बल बाजूचा प्रतिसाद लहान, विलंबित किंवा अजिबात नसलेला आढळतो. कोणत्याही कारणाने झालेल्या अर्धांगवातात पहिल्या काही दिवसांत हाताचा प्रतिसाद मिळत असेल, तर हात पुन्हा कामास येण्याची आशा अधिक असते. प्रतिसाद न मिळाल्यास ती कमी असते, पण पूर्णपणे मावळत नाही. व्यायामोपचाराची दिशा ठरविण्यास या माहितीचा उपयोग होतो.

मेरुरज्जू व अग्रशृंग : ऊर्ध्व मार्गाच्या मेरुरज्जूतील भागावर होणाऱ्या आघाताचे ठळक उदाहरण विदर्भात मिळते. भंडारा, गोंदिया इ. भागांत पिकणारी लाखोळीची डाळ दुष्काळात दीर्घकाळ मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास पाय ताठरतात व रोगी पायांची कात्री घालीत चवड्यांवर चालतो. डाळीतील विषारी ॲमिनो अम्ल भारतीय शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये वेगळे केले. या रोगात पायांकडे जाणारा केंद्रीय संवहन काल वाढतो किंवा प्रतिसादच मिळत नाही. परिसरीय वेग मात्र बहुतांशी प्राकृत राहतो. पाठीच्या कण्याच्या क्षयरोगात मेरुरज्जूवर दाब पडला असताही असेच चित्र दिसते. दाबाच्या वरील भागातील, म्हणजे हातांचे प्रतिसाद प्राकृत असल्याने दाबाची पातळी ओळखता येते.

अग्रशृंगातील कोशिकांचा नाश करणारा बालपक्षाघात हा रोग एके काळी सर्वत्र होता. भारतात त्याच्या वन्य विषाणूचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये आढळला व २०१४ मध्ये देश त्यापासून मुक्त घोषित झाला. मुंबईत १९७१ मध्ये डोळे येण्याची मोठी साथ पसरली असता काही प्रौढांना त्यानंतर बालपक्षाघातासारखा लुळेपणा आला. नोशीर वाडिया व त्यांचे सहकारी यांनी या नव्या विकाराचे वर्णन केले. अशा रोगांत संवेदी प्रतिसाद प्राकृत, प्रेरक वेग साधारणपणे प्राकृत, पण प्रतिसादाची उंची घटलेली असे वैशिष्ट्य आढळते. उलट गीयां-बारे विकारात परिसरीय तंत्रिकांचे वेष्टनच बहुधा बिघडते, एफ तरंग लवकर नाहीसे होतात व वेग मंदावतो. दोहोंत अंग सारखेच लुळे पडते. परीक्षणाने त्यांतील भेद कळतो.

तंत्रिका-स्नायू सांधा : सातपुड्याच्या रांगांत व तापीच्या खोऱ्यात नाग व मण्यार हे विषारी साप आढळतात. मण्यारीचा दंश पुष्कळदा रात्री झोपेत होतो, जखम दिसत नाही आणि पहाटे पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही व श्वास अपुरा पडतो. तिचे विष मुख्यतः तंत्रिकेच्या टोकावर परिणाम करते. नागाचे विष स्नायूवरील ग्राहकांना अडविते. त्यामुळे निओस्टिग्मीन या औषधाचा लाभ नागदंशात अधिक होतो. ओळीने झटके दिल्यास प्रतिसाद उत्तरोत्तर लहान होताना दिसतात. कापसावर फवारल्या जाणाऱ्या कार्बनी फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांच्या विषबाधेत याउलट एकाच झटक्याला प्रतिसाद दोनदोनदा उमटतो. मात्र दंश वा विषबाधा झालेल्या रोग्याच्या बाबतीत परीक्षणासाठी थांबणे घातक ठरते. तेथे प्रतिविष किंवा उतारा, तसेच कृत्रिम श्वसन यांनाच अग्रक्रम द्यावयाचा असतो.

इतर रोग : बहुविध काठिण्य या रोगात मेंदू व मेरुरज्जू यांतील मायेलिन नष्ट होत असल्याने केंद्रीय संवहन काल पुष्कळ वाढतो, काही वेळा तो लक्षणे नसलेल्या अंगातही वाढलेला असतो. प्रेरक कोशिकांच्या ऱ्हासाच्या रोगात ऊर्ध्व व अधर असे दोन्ही मार्ग झिजतात. अधर मार्गाची झीज डोळ्यांना दिसते. तिच्या आड लपलेली ऊर्ध्व मार्गाची विकृती चुंबकीय उद्दीपनाने उघड होते. कंपवातात केंद्रीय संवहन काल प्राकृत असतो, कारण त्यात हा मार्ग शाबूत असून त्याला आदेश देणारी यंत्रणा बिघडलेली असते.

मर्यादा व दक्षता : तापमान, वय व उंची यांचा मापनावर मोठा परिणाम होतो. त्वचेचे तापमान १° से.ने उतरल्यास वेग सेकंदास सु. २ मीटरांनी कमी होतो. तोरणमाळच्या पठारावरून हिवाळ्याच्या सकाळी उतरलेल्या रोग्याचा गार हात तसाच तपासल्यास निरोगी तंत्रिकाही आजारी भासेल. म्हणून हात प्रथम कोमट करून घेतात. नवजात अर्भकात वेग प्रौढाच्या सु. निम्मा असतो व तीन ते पाच वर्षांच्या वयात तो प्रौढाच्या पातळीस येतो. नेहमीच्या परीक्षणात जाड व जलद तंतूंचीच मोजदाद होते. उष्णता व वेदना वाहणारे बारीक तंतू तीतून निसटतात. कुष्ठरोगात हेच तंतू लवकर बिघडतात, ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. परीक्षण बिघाडाचे ठिकाण सांगते, कारण सांगत नाही. कारणासाठी रोग्याचा पूर्वेतिहास, रक्ततपासणी व प्रतिमादर्शन यांचा आधार घ्यावा लागतो.

डोक्यात धातूची पट्टी वा पकड, कानात शस्त्रक्रियेने बसविलेले श्रवणयंत्र किंवा हृदयावर गतिकारक असल्यास चुंबकीय उद्दीपन सामान्यतः टाळतात. अपस्माराच्या रोग्यात क्वचित झटका येण्याचा संभव असल्याने विशेष दक्षता घेतात.

उपलब्धता : तंत्रिका संवहन मापनाची उपकरणे मोठ्या रुग्णालयांत मिळतात, मेंदूच्या चुंबकीय उद्दीपनाची सोय त्याहून विरळ आहे. नंदुरबार येथे २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तरीही अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील डोंगरी पाड्यांपासून अशा सोयींचे अंतर पुष्कळ आहे. या अंतरामुळे पहिली तपासणी पाड्यावरच होणे आवश्यक ठरते आणि तिला यंत्र लागत नाही. कोपरामागे बोटांनी चाचपून तंत्रिका जाड किंवा दुखरी आहे काय हे पाहणे, करंगळी बाजूस नेण्यास, अंगठा तळव्यापासून वर उचलण्यास व पाऊल वर ओढण्यास सांगून त्यांस बोटाने विरोध करणे, डोळे घट्ट मिटावयास लावणे, तळहात व तळपाय यांवरील स्पर्शज्ञान तपासणे, एवढ्या कृती प्रशिक्षित आरोग्य कर्मचारी काही मिनिटांत करू शकतो. ही तपासणी ऊसतोडीस जाण्यापूर्वी व परतल्यावर अशी दोनदा झाल्यास मधल्या काळात पडलेला फरक लक्षात येतो. ज्यांच्यात फरक आढळेल किंवा शंका वाटेल, त्यांनाच उद्दीपन परीक्षणासाठी पाठवावे लागते. बोटांनी केलेली ही तपासणी आणि उपकरणाने केलेले मापन परस्परांना पूरक आहेत. पहिलीमुळे रोगी वेळेत सापडतो. दुसऱ्यामुळे बिघाड कोठे व किती आहे आणि उपचाराने तो भरून येत आहे किंवा नाही, हे निश्चितपणे कळते.